खदानीचे पाणी आणि गावाचे पाणी

अमरावतीहून परतवाड्याच्या वाटेला लागले की थोड्याच वेळात वलगाव येते आणि पेढी नदी लागते. २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला तो याच वलगावाजवळ, पेढीच्या काठी. ही पेढी पुढे जाऊन पूर्णेला मिळते. त्या पूर्णेच्या काठावर ऋणमोचन म्हणून गाव आहे. पौषात तिथे यात्रा भरते, आणि तिथला घाट बाबांनीच बांधून घेतला. ऋणमोचन म्हणजे ऋणातून सुटका. आज मी ज्या ऋणाबद्दल बोलणार आहे ते पैशाचे नाही, पाण्याचे आहे. जमिनीतून आणि नदीतून आपण रेती, गोटा, मुरूम आणि गिट्टी काढतो, त्यासोबत पाणीही काढतो. रेतीची पावती फाटते. पाण्याची पावती कोणी फाडत नाही.

प्रथम एक गोष्ट कबूल करू या. रेती-गिट्टी नको, असे कोणालाच म्हणता येणार नाही. घरकुल बांधायचे तर रेती लागते. पांदण रस्ता करायचा तर मुरूम लागतो. शाळेची खोली, नाल्यावरचा पूल, विहिरीचे बांधकाम, सगळ्यांना गिट्टी लागते. खदानीवर आपल्याच गावचे लोक मजुरीला जातात. म्हणून खदान हवी की नको, हा आजचा प्रश्न नाही. खदान चालू असताना गावाच्या पाण्याचा हिशेब कसा ठेवायचा आणि घेतलेले पाणी परत कसे करायचे, हा आजचा प्रश्न आहे.

नदीकाठच्या गावांत झिरा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. उन्हाळ्यात नदीची धार तुटली की बाया पात्रात जाऊन हाताने रेती उकरतात. हातभर, दोन हात खाली गेले की पाणी पाझरते. वाटीने भरून घागर शिगोशीग होते आणि ते पाणी गारही असते. वर रेती तापून पायाला चटके बसतात, आणि खाली पाणी आहे! हे कसे? रेतीच्या कणाकणांत पोकळी असते. पावसाळ्यात त्या पोकळीत पाणी शिरून बसते आणि वरच्या कोरड्या रेतीचे पांघरूण त्याला उन्हापासून राखते.

आता थोडे आकडे पाहू. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, सुमारे २,८३० लिटर जागा. भरलेल्या रेतीतून उपसता येईल असे पाणी या जागेच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढे धरले, तर एका ब्रासात साडेपाचशे लिटरच्या वर पाणी मावते. ज्या टिप्परात दोन ब्रास रेती गेली, त्यात अकराशे लिटरची पाण्याची टाकीही गेली असे समजा. नदी दरसाल थोडी नवी रेती आणते, पण ती किती आणते आणि आपण किती नेतो, याचा मेळ बसला पाहिजे. आवकेपेक्षा जावक जास्त झाली की पात्र खाली बसते. पात्र खाली बसले की काठच्या विहिरींचे पाणीही त्याच्या मागोमाग खाली सरकते.

इथे एखादा म्हातारबा हटकून विचारील, “काय जी, रेती काढली तं तिथं खड्डा होते. खड्ड्यात तं रेतीपेक्षा जास्त पाणी मावते. मंग पाणी वाढलं का कमी झालं?”

प्रश्न अगदी बरोबर आहे. खड्ड्यात पाणी जास्त मावते, यात शंका नाही. पावसाळ्यात तो खड्डा भरतो आणि आपल्याला वाटते, चला, तळे झाले, गुरांची सोय झाली. पण ते तळे एकटे नसते. आजूबाजूच्या जमिनीतले पाणी आणि खड्ड्यातले पाणी एकच असते. विहिरीत दिसते ती भूजलाची पातळी, आणि खड्ड्यात दिसते तीही भूजलाचीच. फरक इतकाच, की खड्ड्यात त्या पाण्यावरचे पांघरूण निघालेले असते. मग ऊन त्यावर रोज आपला हिस्सा घेते. आपल्या भागात मे महिन्यात उघड्या पाण्यावरून दररोज एक सेंटिमीटरच्या आसपास पाणी उडते. तेच पाणी जाड रेतीच्या थराखाली साठ सेंटिमीटर खोल असले, तर उघड्या पाण्याच्या मानाने दहाव्या हिश्शाइतकेही उडत नाही. आफ्रिकेत केनिया देशात कोरड्या नद्यांवर मुद्दाम बांध घालून त्यामागे रेती साठवतात. पाणी रेतीत ठेवायचे आणि उन्हाळ्यात काढायचे. म्हणजे आपल्या झिऱ्याचीच ती मोठी आवृत्ती झाली. तिकडचे लोक रेती साठवून पाणी राखतात, आणि आपण रेती काढून पाणी उघडे टाकतो.

शिक्षक बंधुभगिनींना एक प्रयोग सुचवतो. सारख्या मापाच्या दोन बादल्या घ्या. एकीत नुसते पाणी घाला. दुसरीत धुतलेली जाड रेती आणि बारीक गोटा भरा, आणि पाणी इतकेच ओता की त्याची पातळी रेतीच्या वीतभर खाली राहील. दोन्ही बादल्या उन्हात ठेवून रोज सकाळी तराजूवर वजन करा. आठ दिवसांत कोणती बादली किती हलकी झाली, ते मुलांना फळ्यावर मांडू द्या. त्यानंतर वेगळे व्याख्यान देण्याची गरज पडणार नाही.

आता खदानीचाच हिशेब मांडू. खालची खदान कोणत्या एका गावची नाही, आकडे समजण्यासाठी धरलेला तो नमुना आहे. समजा, रेती-गोटा काढून एक हेक्टर पाणी उघडे पडले आहे. जानेवारी ते मे या पाच महिन्यांत रोज सरासरी साडेसहा मिलिमीटर पाणी उडाले, तर एकूण सुमारे एक मीटर होते. एक हेक्टरावर एक मीटर म्हणजे एक कोटी लिटर.

दुसरा खर्च धुण्याचा. माती लागलेला गोटा आणि रेती धुवायला एका टनाला साधारण एक ते तीन हजार लिटर पाणी फिरवावे लागते. हा आकडा मोठा वाटतो, पण निवळून परत वापरले तर यातले बहुतेक पाणी खदानीवरच राहते. खरोखर बाहेर जाते ते ओल्या मालासोबत गेलेले. टनाला साठ लिटर धरा. रोज शंभर टन माल, वर्षाचे दोनशे दिवस काम, म्हणजे बारा लाख लिटर.

तिसरा खर्च धुळीचा. रस्त्यावर आणि क्रशरवर धूळ बसावी म्हणून रोज पाच हजार लिटरचे दोन टँकर शिंपले, तर दोनशे दिवसांत वीस लाख लिटर.

एकंदर बेरीज एक कोटी बत्तीस लाख लिटर. त्यातले तीन हिस्से पाणी ना मोटरीने नेले, ना टँकरने. ते उन्हाने नेले. आपले भांडण होते ते टँकरवरून, कारण टँकर डोळ्यांना दिसतो. ऊन पाणी पिते त्याचा आवाज येत नाही. माणशी रोज ५५ लिटर हे नळयोजनेचे माप घेतले, तर उन्हाने नेलेले ते एक कोटी लिटर पाणी बाराशे वस्तीच्या गावाला पाच महिने पुरले असते. तेही नेमके उन्हाळ्याचे पाच महिने!

म्हणून पहिला उपाय असा, की पाणी उघडे पडूच देऊ नये, आणि पडलेच तर कमीत कमी पडू द्यावे. नदीपात्रातल्या रेतीबाबत केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. तीन मीटर खोली किंवा पाण्याची पातळी, यांपैकी जे आधी लागेल तिथे थांबायचे. पावसाळ्यात पात्रात उपसा करायचा नाही. काठाला लागून खणायचे नाही. पात्राबाहेरच्या खदानीत सगळा पट्टा एकदम उघडा करू नये. एक तुकडा खणावा, त्यातला माल संपला की वरची काढून ठेवलेली माती आणि मुरूम त्यात परत भरावा, आणि मग पुढचा तुकडा घ्यावा. आपल्या नमुन्यातले उघडे पाणी निम्मे केले, तर पन्नास लाख लिटर वाचतात. धुणे आणि धूळ या दोन्हींचा मिळून खर्च बत्तीस लाख आहे, हे लक्षात घ्या. टँकर पूर्ण बंद करून जेवढे वाचणार नाही, त्याहून जास्त खड्डा आवरून वाचते.

दुसरा उपाय धुण्याच्या पाण्याचा. एकामागे एक अशा तीन टाक्या कराव्यात. पहिलीत जाड गाळ बसतो, दुसरीत बारीक गाळ, आणि तिसरीतले निवळ पाणी पुन्हा धुण्यावर घ्यावे. गढूळ पाणी नाल्यात सोडले तर दोन तोटे होतात. पाणी जाते ते जातेच, आणि बारीक गाळ पात्राच्या रेतीवर साय धरल्यासारखा बसतो. मग पावसाचे पाणी खाली मुरत नाही. धूळ शिंपण्यासाठीही खदानीतलेच पाणी घ्यावे, गावच्या विहिरीचे घेऊ नये.

तिसरा उपाय उपशाच्या पाण्याचा. खणताना खड्ड्यात पाणी येते. काम अडते म्हणून मोटर लावून ते बाहेर फेकतात. मोटर चालू झाली की खड्ड्याभोवतीची पातळी बशीसारखी खोलगट होते आणि जवळच्या विहिरींचे पाणी त्या बशीकडे ओढले जाते. हे पाणी माघात नाल्याला सोडून दिले, तर ते गावाच्या कामाचे राहत नाही. ते आधी निवळून घ्यावे. मग खड्डा आणि विहिरी यांच्यामध्ये लांब चर खणून, त्यात दगडगोटे भरून, त्या चरात सोडावे. चरात सोडलेले पाणी जमिनीत मुरते आणि विहिरींच्या बाजूची पातळी धरून ठेवते. चराच्या तळाशी गाळाची साय धरली की ती वेळोवेळी खरवडून काढावी, नाहीतर चर मुका होतो. डिझेल-ऑइलचे पाणी मात्र या चरात थेंबभरही जाऊ देऊ नये. गाड्या धुण्याची जागा वेगळी ठेवावी.

पेढी-पूर्णेच्या खालच्या अंगाला, भातकुली आणि दर्यापूरकडे, आणखी एक धोका आहे. तो खारपाणपट्टा आहे. तिथे जमिनीत खारे पाणी आहे, आणि नदीनाल्याच्या आसपास पावसाचे मुरलेले थोडे गोडे पाणी मिळते. ते गोडे पाणी उपसून खाली गेले, की खारे पाणी त्याच्या जागी सरकू शकते. एकदा विहीर खारावली की एका पावसाळ्याने ती गोडी होत नाही. तिथे उपशाचे पाणी जमिनीत सोडण्याआधी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. नुसत्या जिभेवर विसंबू नये. खारे निघाले तर ते गोड्या विहिरीच्या अंगाला जिरवू नये आणि वावरातही घेऊ नये.

आता परतफेडीकडे येऊ. एवढे सगळे सांभाळूनही काही पाणी खर्ची पडणारच. ते परत कसे करायचे? याबाबत अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. तो मुलूख आपल्यापेक्षाही कोरडा आहे. तिथे गोट्याच्या खदानीने भूजल उघडे पाडले, तर कायद्याने ती विहीरच समजतात. ३१ डिसेंबर १९८० नंतर उघड्या पडलेल्या खदानींना उडून जाणाऱ्या पाण्याची भरपाई करावी लागते. तिथले सर्वोच्च न्यायालयही १९८८ साली म्हणाले, की खड्ड्यातून उडणारे पाणी हा खालच्या हक्कदारांच्या पाण्यावरचा भार आहे. ही भरपाई तीन कसोट्यांवर उतरावी लागते. जितके गेले तितके द्यायचे, जिथे कमी पडले तिथे द्यायचे, आणि ज्या वेळी कमी पडले त्या वेळी द्यायचे. आपल्याकडचा कायदा वेगळा आहे, पण या तीन कसोट्या आपल्या गावालाही लागू पडतात.

खदानवाला म्हणेल, “मी पावसाळ्यात खड्डा भरून देतो, झाली भरपाई.” श्रावणात विहिरी तशाही भरलेल्याच असतात. उणे पडते ते वैशाखात. म्हणून श्रावणातले पाणी असे मुरवले पाहिजे, की ते वैशाखात विहिरीत दिसेल. उघड्या शेततळ्यात साठवले तर पुन्हा ऊन त्यात वाटेकरी होते. जमिनीत मुरवले तर ते पांघरुणाखाली राहते. नाल्यावरचे बंधारे, गाळ काढलेले पाझर तलाव, आणि गाळून विहिरीत सोडलेले वावराचे पाणी, हे त्याचे मार्ग आहेत.

यालाही माप आहे. आपल्या नमुन्यातला खर्च १,३२,००,००० लिटर. आठशे मिलिमीटर पावसाचा पाचवा हिस्सा वावरावरून वाहून जातो असे धरले, तर एका हेक्टरामागे सोळा लाख लिटर पाणी वाहते. त्यातले निम्मे जरी मुरवता आले, तरी आठ लाख झाले. म्हणजे एका हेक्टर उघड्या पाण्याची परतफेड करायला सोळा-सतरा हेक्टर रानाचे वाहते पाणी अडवून जिरवावे लागेल. खड्डा एक हेक्टराचा आणि परतफेड सतरा हेक्टरांची! खड्डा निम्मा केला तर परतफेडही झपाट्याने कमी होते. म्हणूनच आधी खर्च आवरा, आणि मग परतफेडीचे बोला, असे मी म्हणतो. अडवायचे ते पाणीही पुराचे असावे. खालच्या गावाचे हक्काचे पाणी अडवून आपले ऋण फेडले, तर नवे ऋण डोक्यावर येते.

आता या सगळ्याला पुरावा लागतो. आपल्या बाजूला जमिनीत रेती-मातीचा गाळथर आहे, आणि टेकड्यांच्या अंगाला काळा पाषाण आहे. पाषाणात पाणी भेगांतून चालते. त्यामुळे गिट्टीची खदान खोल गेली की एखाद्याची विहीर आटते आणि शेजाऱ्याची तशीच भरलेली राहते. ज्याची आटली तो म्हणतो खदानीने नेली, आणि खदानवाला म्हणतो पाऊसच कमी झाला. दोघेही शपथ घेतात, आणि आकडा कोणाजवळच नसतो. भांडण तहसीलपर्यंत जाते आणि उन्हाळा निघून जातो.

यावर औषध साधे आहे. खदान सुरू होण्याआधीच भोवतालच्या आठ-दहा विहिरी ठरवाव्यात. प्रत्येक विहिरीच्या काठावर रंगाची एक खूण करावी. दोरीला वजन बांधून अर्ध्या-अर्ध्या मीटरवर गाठी माराव्यात. महिन्याच्या ठरलेल्या दिवशी, सकाळी मोटरी सुरू होण्याआधी, त्या खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजून वहीत लिहावे. सोबत त्या महिन्याचा पाऊसही लिहावा. तुलनेसाठी खदानीपासून दूरची एक-दोन विहिरी याच वहीत धराव्यात. पाऊस कमी झाला तर सगळ्याच विहिरी उतरतील. खदानीजवळच्याच उतरल्या तर वही बोलेल. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींवर हेच काम करीत आहे. पण प्रत्येक खदानीच्या बांधावर ती कशी पुरणार? आपल्या गावाची वही आपणच ठेवायची. वरच्या वर्गातल्या मुलांना हे काम चांगले जमते. मोठे माणूस सोबत असावे, आणि कठडा नसलेल्या विहिरीवर मुलांना नेऊ नये, एवढी काळजी मात्र घ्यावी.

कायद्याचा आधारही आहे. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात सांगितले, की पाच हेक्टरांहून लहान पट्ट्यातल्या गौण खनिजालाही पर्यावरणाची मंजुरी लागेल. तेव्हा आपल्या शिवारात खदान येणार असे कळले, की ग्रामसभेत पाच प्रश्न विचारा. किती खोल जाणार? एका वेळी किती पाणी उघडे पडणार? उपशाचे पाणी कुठे सोडणार? खर्ची पडलेले पाणी कुठे आणि कधी परत करणार? आणि काम संपल्यावर खड्ड्याचे काय करणार? उत्तरे लेखी घ्या. शेवटचा प्रश्न विसरू नका. ठेकेदार एक दिवस जातो, क्रशर उठते, पण उघडा खड्डा राहतो आणि ऊन दरसाल त्यातून आपला हिस्सा घेत राहते.

श्रोतेहो, गाडगेबाबांनी गाव झाडताना कोणाला विचारले नाही की हा कचरा कोणाचा. झाडू घेतला आणि कामाला लागले. पाण्याच्या बाबतीत आपला झाडू म्हणजे ती गाठी मारलेली दोरी आणि ती साधी वही. येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी तिचे पहिले पान लिहा. एक-दोन उन्हाळे लिहून झाले की आपल्या गावावर पाण्याचे किती ऋण आहे ते कळेल, आणि ऋण किती ते कळल्याशिवाय ते कोणाला फेडता येत नाही.